तीर्थ नासत नाही

आमच्या घरात मला "बुरशीवाली" म्हणतात. मागून नाही, तोंडावर. "आपल्या भाकरीला बुरशी आली तर आपण फेकून देतो, आणि ही पगार घेऊन वाढवते," हा माझ्या धाकट्या भावाचा ठेवणीतला विनोद. प्रत्येक हळदीला तो एकदा होतो आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखे सगळे हसतात. हसोत बापडे. ज्या घरात वाचायला म्हणून ट्रेलरच्या विम्याचे कागद तेवढे सापडतात, तिथे मी आणखी कसली अपेक्षा करणार?

काम माझं खरंच बुरशीचं आहे. नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी यीस्ट ओळखते. पाव फुगवणारं नव्हे, माणसाला आडवं करणारं. कुणाच्या रक्तात, कुणाच्या लघवीत सापडलेलं यीस्ट आमच्याकडे येतं आणि ते नेमकं कोणतं, हे त्याचा डीएनए वाचून सांगायचं. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक सगळी सारखीच दिसतात. जुन्या लोकांनी अशी सारखी दिसणारी सगळी एकाच आडनावाखाली कोंबली, कॅन्डिडा. आमच्या गावात नाही का, आडनाव एक म्हणून अख्खी आळी एकमेकांचं सुतक पाळते. खापरपणजोबा एकच होता का, हे विचारायची सोय नाही. डीएनए वाचायला लागल्यावर कळलं, की या भावकीतल्या पुष्कळांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एक ज्या औषधाने मरतं, त्याच औषधात दुसरं मजेत वाढतं. म्हणून नाव नीट लागलं पाहिजे. हे सगळं मी एकदा आईला समजावून सांगितलं. ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हंजे तू रगात तपासतेस." मी म्हटलं, हो.

घर आमचं उरणच्या बाजूला. वडिलांची भातशेती बंदराच्या रस्त्याखाली गेली, भावाने ट्रेलर घेतले, आणि बघता बघता कौलारू घराच्या जागी बंगला उभा राहिला. बंगल्याला पुढे चार गोल खांब आहेत. त्या खांबांवर काहीही टेकलेलं नाही. वडील गेल्यापासून घरात आईचं राज्य, आणि भाऊ बाहेर कितीही मिशा पिळत असला तरी घरात आईसमोर मांजर.

या भावाने लग्न केलं ते मिठागरावर राबणाऱ्या माणसाच्या मुलीशी. स्वतः पसंत करून. आईने जेवण सोडलं, रडली, मग लग्नात नऊवारी नेसून नाचलीसुद्धा, पण सुनेला "खाऱ्या पाण्यातली" म्हणायचं काही सोडलं नाही. आमचे स्वतःचे आजोबा जन्मभर मिठागरावर फळी ओढत होते, पायाला भेगा पडून गेले, हे मात्र बंगल्यात कुणालाच आठवत नाही. खांब आले की आठवण जाते. भावजय शिकलेली, कामसू, आणि बोलायला इतकी कमी की मला तिचा रागच यायचा. अगं, एकदा तरी उलटून बोल की! पण नाही. खाली मान आणि "हो आई".

तिला दिवस राहिले आणि मधेच अंगावरून पांढरं जाऊ लागलं, खाज सुटली. बाळंतपणाआधी किती बायकांना होतं हे. डॉक्टरणीने औषध दिलं, बरं झालं. पण आईच्या कानावर गेलंच, आणि आईच्या कानावर गेलं म्हणजे आळीत गेलं. पुढे बाळ दोन महिने आधीच आलं. एवढंसं, तळहातावर मावेल असं, मुलगा. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. आईने हरिहरेश्वराला नवस बोललेलाच होता. नातू झाल्याचं कळताच ती गाडी काढून तो फेडायला गेली. येताना वाटेत तळा गावात आत्याच्या घरी मुक्काम, तिथे पेढे, तिथे मिरवणं, आणि मग देवाचं सगळं घेऊन ती थेट रुग्णालयात. भावाची तिथल्या मालकाशी ओळख. त्यामुळे बाळाच्या आईला टाके दुखत असताना खुर्चीत बसवून लांबून दाखवायचे, आणि आजीबाई मात्र रोज संध्याकाळी गाऊन चढवून आत. वशिल्याला जंतू घाबरतात असा या लोकांचा समज असावा.

काही दिवस बरे गेले. मग बाळ दूध पचवेना. अंग कधी गार, कधी गरम, पोट फुगलेलं, रंग राखाडी. रक्त तपासायला घातलं, त्यात यीस्ट वाढलं. एवढ्याशा जिवाच्या रक्तात यीस्ट म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी कॉलेजातून तशीच निघाले.

डॉक्टर तरुण होता, केसांना जेल लावलेला. "कॅन्डिडा आहे मॅडम. मदरला प्रेग्नन्सीमध्ये इन्फेक्शन होतंच. तिथूनच आलं."

"कुठली कॅन्डिडा?" मी विचारलं.

"मॅडम, यीस्ट म्हणजे यीस्ट. फ्लुकोनाझोल चालू केलंय." आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं.

वा रे पठ्ठ्या! साप म्हणजे साप, चावला तर चावला. धामण की घोणस हे कशाला बघा? पण भांडण्यापेक्षा मी भावाची सही घेतली आणि बाळाच्या रक्तातून वाढवलेलं यीस्ट माझ्या प्रयोगशाळेत न्यायची परवानगी मिळवली.

कॉरिडॉरमध्ये तोवर निकाल लागून गेला होता. "हिच्या अंगातलंच हाय ते," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमच्या घराण्यात असलं कवा झालं न्हाय." भावजयीला बाळाजवळ जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं? आईने. कुणी मान डोलावली? माझ्या शूर भावाने. तिचं दूधही नको म्हणे, त्यातून जाईल. ती पडद्याआड बसून दूध पिळून काढायची आणि वाटी बेसिनमध्ये ओतायची. तो आवाज मी ऐकला. मला आई म्हणाली, "तुझं ते डीएनए का काय हाय ना, ते कर गो. उघडं पडू दे एकदा." बाळ बरं झालं की बारसं करायचं आणि मग सुनेला माहेरी पाठवायचं, "अंग शुद्ध होईपर्यंत"; बाळ मात्र इथेच राहणार, हेही तिने तिथेच बोलून टाकलं. अंग शुद्ध झालं हे कोण ठरवणार, ते कुणी विचारलं नाही.

भावजयीने मला खुणेने जवळ बोलावलं. "ताई, माझंही तपासा," ती म्हणाली. "माझ्यातनंच गेलं असेल तर मी स्वतःच निघून जाईन. पण नसेल, तर माझं मूल मला पाहिजे." एवढं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

मी दोन्ही नमुने घेऊन गेले. रंगीत माध्यमावर वाढवल्यावर पहिला फरक नुसत्या डोळ्यांनीच दिसला: भावजयीच्या स्वॅबमधलं हिरवं, गुळगुळीत, बाळाचं गुलाबी, कोरडं, खरखरीत. रंगावर माझा विश्वास नाही, रंग फसवतो. म्हणून दोघांचाही डीएनएचा तो ठरलेला तुकडा वाचला, ज्यावरून या मंडळींची ओळख पटते. भावजयीचं निघालं साधं अल्बिकन्स, बायकांना सर्रास होणारं. बाळाचं निघालं ते, ज्याला दवाखान्यात क्रुसाय म्हणतात. आणि फ्लुकोनाझोल या क्रुसायचं जन्मतःच काही वाकडं करू शकत नाही. म्हणजे इतके दिवस बाळाला औषध नव्हे, पाणी चाललं होतं.

डॉक्टरला फोन केला. त्याने औषध बदललं. शिरेतून द्यायचं, जबरी, मूत्रपिंडावर नजर ठेवून द्यायचं. दोन-तीन दिवस माझा जीव टांगणीला लागला. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मीही हरिहरेश्वराला हात जोडले. मग बाळाचं पोट उतरलं, रंग आला, एके सकाळी ते रडलं. डॉक्टर मला म्हणाला, "आमचा अंदाज होताच." आहाहा, अंदाज! असे अंदाज असलेली माणसं आमच्याकडे पावसाळ्यात छत्रीसारखी जागोजागी उघडलेली असतात.

मी घरच्यांना सांगितलं: सुनेचं यीस्ट वेगळं, बाळाचं वेगळं. सूनबाईंचा काही दोष नाही. मला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय!

"दोनी कॅन्डिडाच ना?" आई म्हणाली.

"नावापुरत्या. नात्याने कुणी कुणाचं नाही."

"आडनाव एक हाय म्हंजे झालं."

भाऊ म्हणाला, "डॉक्टर पण तेच बोलले, ताई. तू उगाच डोकं नको लावू." उगाच! ज्या डोक्याने त्याचं पोर वाचवलं, ते उगाच.

पण माझ्याही डोक्यातून एक गोष्ट जाईना. भावजयीकडून आलं नाही, तर आलं कुठून? आता क्रुसायची एक गंमत आहे, आणि ती डीएनएनेच पक्की केली. दवाखान्यात त्याला एक नाव, आणि फळांवर, ताडामाडाच्या रसात, आंबवलेल्या पदार्थांत जे यीस्ट सापडतं त्याला दुसरं, भलं लांबलचक नाव. एक रोगजंतू म्हणून बदनाम, दुसरं बिचारं गरीब, खाण्यापिण्यातलं. वाचून पाहिलं तर दोघं एकच. घरातलं आणि दवाखान्यातलं असे दोन वेगवेगळे प्राणी नाहीतच. म्हणजे बाळापर्यंत काहीतरी गोड, आंबलेलं पोचलं असावं. पण काचेच्या पेटीतल्या बाळापर्यंत?

उत्तर स्वतःच्या पायांनी चालत आलं. कॉरिडॉरमध्ये माझ्याशेजारी बसून आईने पिशवीतून एक प्लास्टिकची बाटली काढली. "घे, तू पण घे तीर्थ. डोकं ठिकाणावर येल." तिने झाकण फिरवलं. फुस्स! आणि असा वास आला की समोरच्या बाकावरचा आमच्या गाडीचा ड्रायव्हर वळून बघायला लागला. आमच्या भागात वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. माडी! माडाची दारू.

"आई, काय आहे हे?"

"हरिहरेश्वराचं तीर्थ. नवसाचा नारळ फोडला ना, त्याचं पाणी आन् देवाचं तीर्थ, दोनी एकत्र आणलं."

"आंबलंय हे."

"तोंड सांभाळ. तीर्थ कवा नासत न्हाय."

"बाळाला दिलंस?"

"दिलं न्हाय गो, मी काय येडी हाय? अंगठी बुडवून जिभेला लावते नुसती. सोन्यावरनं देवाचं पोचतं. त्या नर्सबाईला बी सांगितलंय, ती बघते दुसरीकडं."

रोज. दोन महिने आधी जन्मलेल्या पोराच्या जिभेला, रोज संध्याकाळी, देवाच्या आणि सोन्याच्या नावाने. देवाच्या दारी काही बिघडलं नव्हतं, हे आधी सांगते. बिघडलं ते आमच्या गाडीत. नारळाचं गोड पाणी बाटलीत भरलं, तळ्याला आत्याच्या अंगणात गाडी उन्हात तापत राहिली, मग दिवसच्या दिवस पिशवीत. कुणाच्याही नारळाचं झालं असतं ते. घरात साधं ताक आंबलं तर माझी आई वासावरून ओळखते आणि सुनेच्या नावाने शंख करते. तीच बाई रोज ते झाकण उघडत होती, तो आवाज ऐकत होती, तो वास घेत होती. पण तीर्थ म्हटलं की नाक बंद.

मला ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी मी पर्समधली नमुन्याची डबी काढली. "हातावर नको, यात दे. घरी जाऊन नीट घेते," मी म्हटलं. आईला इतका आनंद झाला की तिने डबी काठोकाठ भरली. बुरशीवालीला सुबुद्धी सुचली असं तिला वाटलं असणार.

नुसतं क्रुसाय निघालं असतं तर पुरलं नसतं, कारण जात एक असली तरी वाण निरनिराळे असतात. डीएनएत इकडे तिकडे बारीक फरक पडलेले असतात. म्हणून आमच्या फडताळातली, निरनिराळ्या रुग्णांकडून आलेली क्रुसाय काढली आणि बाळाचं, बाटलीतलं, सगळ्यांची एकत्र तुलना केली. फडताळातली सगळी एकमेकांपासून फटकून होती. बाळाचं आणि बाटलीतलं मात्र असं जुळलं की बोट ठेवायला जागा नाही. मी खुर्चीतच बसून राहिले. आपल्या शास्त्राचा विजय वगैरे झाला म्हणून आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. आई आहे ती माझी. नातवावर जीव टाकते, हेही खरंच होतं.

डॉक्टरला सांगितलं. त्याने आजीबाईंचं आत जाणं तेवढं बंद केलं आणि सुटकेचा निश्वास टाकला, की चला, आपल्या विभागावर बालंट नाही. "मग सुनेचा दोष नाही, हे घरच्यांना तुम्ही सांगा," मी म्हटलं. तर म्हणतो, "मॅडम, तो फॅमिली मॅटर आहे." दोष तिच्यावर टाकताना मेडिकल मॅटर होतं!

घरी मी आई आणि भावाला दिवाणखान्यात बसवून सगळं सांगितलं. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाऊ चिडला. "तीर्थात कुठे बुरशी असते? एवढे लोक घेतात ते काय मरतात?" आईने तर हातच झटकले. "डीएनएत काय कळतंय? यंत्र हाय ते. चुकतं." सुनेचं उघडं पाडायचं होतं तोवर डीएनए म्हणजे देवाचा कौल, स्वतःवर आल्यावर यंत्र. आळीत तर तिने उलटंच पसरवलं: पोर तीर्थानं वाचलं. ज्याने मारायला घेतलं, त्याच्याच नावाने आरती. आणि सुनेचा बेत कायम. बारसं झालं की माहेरी, एकटी.

बाळ घरी आलं, अंगाने भरलं, आणि उशिरा का होईना बारशाचा दिवस उजाडला. दिवाणखाना बायकांनी भरलेला, पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचा वास. दारामागे भावजयीची बॅग भरून ठेवलेली मी पाहिली. तिचे वडील बाहेरच्या त्या खांबाजवळ अंग चोरून उभे होते, लेकीला न्यायला आलेले. माझा संताप संताप होत होता आणि करता काही येत नव्हतं.

आईने बाळाला मांडीवर घेतलं आणि पदराआडून नवी बाटली काढली. पुन्हा कुणाकडून तरी हरिहरेश्वराहून मागवलेली. बोटातली अंगठी उतरवली. "याच तीर्थानं वाचलाय माझा राजा," ती बायकांना म्हणाली, आणि तिने झाकणाला हात घातला. मी उठणार, एवढ्यात भावजय पुढे झाली. आईसमोर खाली बसली. आवाज अगदी नेहमीचा, खालचा.

"आई, आधी तुम्ही घ्या. मग त्याला."

"व्हय, घेते की," आई म्हणाली. झाकण फिरलं. फुस्स झालं. बारीकच, पण पुढच्या बायकांनी ऐकलं. आईने तळहातावर तीर्थ ओतून घेतलं, हात वर नेला, आणि तो ओठांपाशी थांबला. बायका बघत होत्या. मी बघत होते. हात खाली आला.

"माझा आज उपास हाय," ती म्हणाली.

तीर्थाने उपास मोडत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. निर्जळी एकादशीलाही माझी आई तीर्थ घेते. जन्मभर घेत आलीय. माझा डीएनए तिला पटला होता तर. पहिल्या दिवसापासून पटला होता.

भावजयीने तिच्या मांडीवरून बाळ उचललं. आईने अडवलं नाही. ओला हात तिने पदराला पुसला आणि तशीच बसून राहिली. भावजय बाळाला घेऊन पाळण्यापर्यंत गेलीच नाही. तिथेच भिंतीला टेकून बसली, पदर ओढून घेतला आणि त्याला पाजायला लागली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, बाबांना आत बोलवा. जेवून जातील."